कावीळ एक नाही, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आरोग्यसेविका. 31 वर्षं उपकेंद्रांवर काढली. बदली, थकबाकी, पेन्शन यांतलं काही मागायला हे पत्र लिहीत नाही. एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे कावीळ.

आमच्या भागात डोळे पिवळे दिसले की माणूस दवाखान्याच्या आधी माळेला जातो. कुठे घेटुळीच्या मुळ्या, कुठे आणखी कसल्या काड्या, बारीक तुकडे करून दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या. पहिल्या दिवशी डोक्यावर घट्ट बसलेली माळ चार-आठ दिवसांत गळ्यात उतरते, मग छातीवर येते. तुकडे सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. घरच्यांना वाटतं, कावीळ माळेत उतरली. कुणी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो. पाणी पिवळं होतं आणि बघणारे हात जोडतात.

या मंडळींना नुसतं अडाणी म्हणून भागत नाही, कारण त्यांचा पेशंट बरा होतो. हेपेटायटिस ए आणि ई म्हणजे घाण पाण्यातून येणारी कावीळ. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते आणि श्रेय माळेला जातं. गरोदर बाईचं मात्र तसं नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत ई ने गाठलं तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. तिला माळेवर ठेवणं म्हणजे खेळ नव्हे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गावातला एक पोरगा, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गणपतीत मंडळाच्या शिबिरात त्याने रक्त दिलं. पुढे रक्तपेढीतून फोन आला, "तुम्हाला बी ची कावीळ आहे, डॉक्टरांना दाखवा." एवढंच बोलणं. तो गेला माळवाल्याकडे. त्याने पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली आणि सांगितलं, "तुला कावीळ नाहीच." तो खोटं बोलला नाही. पिवळेपणा नव्हताच. हेपेटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं लिव्हर पोखरत बसतात आणि डोळे पांढरेस्वच्छ राहतात.

सहा वर्षांनी त्याच्या पोटात पाणी झालं. मधल्या काळात "पचत नाही", "गॅस धरतो", "जेवणावर वासना नाही" अशा तक्रारींवर मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणि लिव्हरचं टॉनिक चालू होतं. दोनदा गॅसच्या गोळ्या मीही दिल्या. पोट जरा हाताने बघावं, रक्त तपासायला पाठवावं, हे मला सुचलं नाही. माझ्याही डोक्यात कावीळ म्हणजे पिवळे डोळे हेच बसलेलं.

साहेब, आपल्या खात्याचं जनजागृतीचं काम मी आतून पाहिलं आहे. 28 जुलै हा जागतिक हेपेटायटिस दिन. बी चा विषाणू शोधणाऱ्या बरूच ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. आपल्याकडे तो नेमका भर पावसात येतो. मग शाळेची फेरी निघते, "पाणी उकळून प्या" असा बॅनर पुढे धरतात, फोटो निघतो. पाण्याचं बोलायलाच हवं. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं तोंड उघडं पडून क्लोरीन उडून गेलेला असतो आणि वहीत रोज ओटी टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, असं लिहिलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बी आणि सी पाण्यातून येत नाहीत. त्या येतात आधी वापरलेल्या सुईतून, ब्लेडमधून, जत्रेत तीच सुई सगळ्यांना लावणाऱ्या गोंदणवाल्याकडून, न तपासलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. बॅनरवर यातलं अक्षर नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात 2.98 कोटी लोकांना बी आणि 55 लाखांना सी होता. 2018 मध्ये याच तारखेला केंद्राचा हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी फुकट, औषध फुकट. सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी ला कायमचा उतारा नाही, पण गोळीने तो ताब्यात राहतो. हे गावात कुणाला माहीत आहे म्हणून विचारा.

म्हणून पहिलं मागणं शब्दाचं. सगळ्या पोस्टरवर दोन नावं वेगळी छापा, पाण्याची कावीळ आणि रक्ताची कावीळ. लोक बी ला "पांढरी कावीळ" म्हणतातच, म्हणजे वेगळा शब्द त्यांनाही हवा आहे. दुसरं, रक्तपेढीने एका वाक्याचा फोन करून मोकळं होऊ नये. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या खोलीत जायचं, पैसे पडत नाहीत, बायको-मुलांचीही तपासणी करायची, हे कागदावर लिहून हातात मिळावं.

तिसरं जन्माच्या डोसचं. बाळाला 24 तासांच्या आत बी ची लस मिळायला हवी, कारण जन्मताना लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांत ती आयुष्यभराची होऊन बसते. पण एका बाळासाठी दहा डोसची व्हायल, म्हणजे लसीची बाटली, फोडायला हात धजत नाही. "वाया जाईल, सोमवारी बघू." ओपन व्हायल पॉलिसीप्रमाणे नीट ठेवलेली तीच व्हायल 28 दिवस चालते. हा कागद प्रत्येक लेबर रूमच्या फ्रिजवर चिकटवायला किती खर्च येईल?

ड्रायव्हर पोरगा परवा बाजारात भेटला. जिल्हा रुग्णालयातून मिळणारी गोळी रोज घेतो. मुलांना लहानपणीच लस मिळालेली, बायकोचे तीन डोस आता झाले. गळ्यात माळ होती. हल्ली डोळे पिवळे दिसतात, म्हणून त्याच माळवाल्याने घातली. मी काढ म्हटलं नाही. गोळी चुकवू नकोस, एवढंच सांगितलं.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका