अडेनियमच्या काकांना, पावसाळ्याच्या तोंडावर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जूनचे ढग दिसायला लागले की ठाणे-डोंबिवलीकडच्या बाल्कन्यांतून तुम्हाला एकाच छापाचे फोन येतात : अडेनियमचा (जाड बुंध्याच्या त्या फुलझाडाचा) बुंधा मऊ लागतोय, काय घालू? औषधाचं नाव सांगण्याआधी तुम्ही विचारता, "माती ओली आहे का कोरडी?" या एका प्रश्नाने किती झाडं वाचली असतील! म्हणून आम्हा सगळ्यांच्या वतीने, कुणालाही वाचता येईल असं हे आभाराचं पत्र. तुम्ही शिकवलेलं त्यात नीट उतरवून ठेवतो आहोत, म्हणजे नव्याने झाड आणणाऱ्याच्याही ते हाती लागेल.

मऊपणा दोन तऱ्हांचा असतो, हे तुम्ही अक्षरशः बोट धरून दाखवलंत. एप्रिल-मेमध्ये माती खडखडीत कोरडी, बुंधा सगळीकडून सारखाच दबतो, सालीवर बारीक सुरकुत्या : ही तहान. भरपूर पाणी दिलं की दोन-चार दिवसांत बुंधा पुन्हा टणक. पावसाळ्यात माती ओली, बुंधा एकाच जागी, बहुतेक वेळा मातीलगत दबतो, साल बोटाखाली सरकते, वर पानं पिवळी पडून गळतात : ही कूज. घाईत दाबलं तर बोटाला दोन्ही सारखंच लागतं. पण कुजणारं झाड तहानलेलं समजून एक तांब्या जास्त ओतला की ते संपलंच.

हे झाड मुळात साहेल (सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं. नावातच येमेनमधलं एडन आहे. साहेलच्या बहुतेक भागात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस मुंबईवर एकट्या जुलैत पडतो, सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर. कुंडीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. बारीक मुळं गुदमरून मरतात आणि त्या वाटेने बुरशी बुंध्यात शिरते. ढगाळ हवेत पानंही पाणी कमी ओढतात, त्यामुळे साध्या मातीची कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही.

म्हणून तुमचा सगळा भर मिश्रणावर. चण्याएवढे विटांचे तुकडे ३ भाग, जाड वाळू २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग आणि ८ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. विटा फोडल्यावर उरणारी लाल भुकटी चाळून टाकायचीच. आळस करून ती तशीच घातली तर दोन पावसांत सगळ्या फटी बुजतात आणि आपण खटपट करून पुन्हा चिखलच बनवलेला असतो. वाळूही पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. पाणी ओतल्यावर ते वर तुंबून न राहता लगेच खालच्या भोकातून वाहायला हवं, ही तुमची परीक्षा. कुंडी उथळ आणि पसरट, बुंध्याभोवती दोन-तीन बोटं जागा राहील एवढीच. फार मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

तळाशी खडीचा थर घालायची सवय तुम्ही मोडलीत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे खडी घातली की कुंडीतला ओला थर आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. निचरा हवा तर पूर्ण मिश्रणच भरड हवं. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

पावसाळ्यात कुंडी पारदर्शक पत्र्याखाली, पण उघड्या वाऱ्यात. घाबरून झाड घरात, टीव्हीशेजारी आणून ठेवलं तर पाऊस लागत नाही, पण उजेडही मिळत नाही. फांद्या लांबोळक्या होतात आणि कुंडी तर वाळतच नाही. पाणी वारावर न देता बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाहायची : कोरडी निघाली आणि पुढचे एक-दोन दिवस उघडीप दिसत असेल तरच द्यायचं.

आणि तरीही कूज लागलीच, तर तुमची शस्त्रक्रिया. झाड उपटून मुळं धुवायची, हातमोजे घालायचे. अडेनियमच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. आफ्रिकेत ते बाणांच्या टोकांना लावत आले आहेत. चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, मुलं आणि मांजरं लांब ठेवायची. धारदार सुरी स्पिरिटने पुसून कुजका भाग कापायचा आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर आपणच रोग पुढे नेतो. कापलेली जागा पूर्ण पांढरी, घट्ट दिसेपर्यंत थांबायचं नाही. एवढासा तपकिरी ठिपका दया येऊन ठेवला की आठवड्याभरात तो पुन्हा पसरतो. इथे हात आखडणारेच झाड गमावतात.

मग कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब ही दोन बुरशीनाशकं एकत्र असलेली पावडर जखमेवर लावायची. नुसतं कार्बेन्डाझिम का नको, तेही तुम्ही समजावलंत : ओल्या कुंडीत मुळं कुजवणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवांवर ते चालत नाही. पानं काढून झाड सावलीत, वाऱ्यावर उलटं टांगायचं. उन्हाळ्यात ७ ते १० दिवस पुरतात. जुलैत १५ दिवस आणि शक्य तर पंख्याखाली. जखम कडक, कोरडी झाली की कोरड्या मिश्रणात टेकवून बसवायचं आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने. बुंध्यात साठा असतो, इतके दिवस ते सहज काढतं. नवी पानं फुटेपर्यंत खत अजिबात नाही.

किडींचं तुम्ही थोडक्यात आटपता, कारण बहुतेक पाहुणे शेजारूनच येतात. कण्हेर, रुई, देवचाफा, अडेनियम ही सगळी एकाच कुळातली. पिवळा मावा रस्त्याकडेच्या रुईवरून किंवा कण्हेरीवरून येतो. पानं रातोरात फस्त झाली आणि कुंडीखाली मिऱ्यांसारख्या लेंड्या दिसल्या, तर कण्हेरीवरच्या पतंगाची जाड हिरवी अळी शोधायची. फवारणी कशाला, बॅटरी घेऊन रात्री हाताने वेचायची. पिठ्या ढेकणावर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण, तेही संध्याकाळी. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात.

याच कुळातल्या होया या वेलीबद्दल तुम्ही सांगितलेलं एक वाक्य तर कित्येकांनी भिंतीवर लिहून ठेवलंय : फुलं गळली तरी दांडा तोडू नका. पुढच्या वेळी होया त्याच जुन्या दांड्यावर फुलते. तो सुकलेला समजून छाटला की बहर लांबतो, आणि माणूस खतं बदलत बसतो.

काका, हे ज्ञान तुम्ही गिऱ्हाईक आणि फुकट विचारणारा असा भेद न करता वाटलंत. मेलेलं झाड घेऊन आलेल्याला नवं विकणं सोपं होतं. तुम्ही आधी त्याची कुंडी उपडी करून माती दाखवलीत. याची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही दिलेल्या बियांच्या झाडांवर यंदा जोडशेंगा धरल्या आहेत, शिंगांसारख्या. तडकल्या की दोन्ही टोकांना तुरे असलेलं बी वाऱ्यावर जातं, म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे दोरा गुंडाळून ठेवलाय. ऊन आहे तोवर उकलतील असं वाटतं. ताजं बी आठवड्याच्या आत रुजतं, त्यामुळे हाती आलं की लगेच तुमच्याकडे घेऊन येतो; फुलांचा रंग आईसारखा येईलच असं नाही, हेही तुमचंच सांगणं. निम्मं बी तुमचं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गच्ची-बाल्कनीत झाडं सांभाळणारे आम्ही सगळे