फोन घेताना जीपीएसही तपासा

महोदय,

एकाच किमतीतले दोन फोन निवडताना लोक रॅम आणि मेगापिक्सेल मोजतात. जीपीएसचं कोणी विचारत नाही. लक्ष्मी रस्त्यामागच्या बोळांत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. नुसत्या एल१ या जीपीएस फ्रिक्वेन्सीवर (१५७५.४२ मेगाहर्ट्‌झ) चालणारा फोन इथे जास्त चुकतो, एल५ ही दुसरी फ्रिक्वेन्सीही (११७६.४५) पकडणारा असा परावर्तित सिग्नल बराच वेगळा काढतो. दुकानाबाहेर, मोकळ्या आकाशाखाली ‘जीपीएसटेस्ट’ अ‍ॅप उघडून यादीत एल५ दिसतो का पाहा. तरीही ठिपका अडखळला, तर आधी बॅटरी सेव्हर बंद करा. फोन घेताना सॉफ्टवेअर अपडेटची मुदतही विचारा; ती बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून धरतात, पावतीच्या तारखेपासून नव्हे. चार वर्षांचं आश्वासन असलेलं, दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं, की हाती दोनच उरतात.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे