घाटातला पाऊस घाटात शिरण्यापूर्वी कळावा

महोदय,

पावसाळा लागला की सह्याद्रीतील धबधबे, धरणे आणि घाटरस्ते यांसाठी मनाईहुकूम निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर अशा हुकमांची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारे हे आदेश प्रामुख्याने धबधब्याखाली जमणारी गर्दी डोळ्यांसमोर ठेवून काढलेले असतात. सायकललाच बिऱ्हाड बांधून, कोणाचीही सोबत न घेता, एका रात्रीच्या मुक्कामाने घाट ओलांडणारे प्रवासी अलीकडे पुण्या-मुंबईकडून बरेच दिसू लागले आहेत. त्यांना असलेला धोका निराळ्या जातीचा आहे आणि त्यावरचा उपायही निराळा आहे, एवढेच या पत्रातून मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव हा रस्ता घेऊ. पुण्याहून निघालेला सायकलस्वार सकाळी उशिरा निघाला तर दुपार कलताना मुळशीच्या जलाशयाकाठी असतो. पुढे जावे की तिथेच थांबावे, हा निर्णय त्याला इथे घ्यावा लागतो, कारण पुढे वस्ती विरळ होत जाते, मोबाइलची रेंज जागोजागी जाते आणि विळ्यापर्यंतचा उतार एकदा सुरू झाला की मागे फिरणे उतरण्याहून अवघड होऊन बसते. या क्षणी त्याच्या हाती असतो तो पुणे जिल्ह्याचा किंवा फार तर पुण्याच्या घाटभागाचा हवामान इशारा. शहरात रिमझिम असताना ताम्हिणीत काय चालले असेल याचा अंदाज त्यावरून येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाल्याचे आपण सर्वांनी वाचले. हवामान खाते २०४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते. म्हणजे त्या दिवशीचा पाऊस या मर्यादेच्याही अडीच पटींहून अधिक होता. हा आकडा खरा असला, तरी आपल्यापर्यंत तो येतो पाऊस पडून गेल्यावर. रोजची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते, त्यामुळे दुपारी चारला मुळशीत उभ्या असलेल्या माणसाला कालचा पाऊस कळतो आणि गेल्या तीन तासांत काय कोसळले ते कळत नाही. दरड सुटण्याच्या दृष्टीने मात्र आधीच्या दिवसांत मुरलेल्या पाण्याइतकेच महत्त्व या तीन तासांना आहे.

घाट म्हटले की लोकांना चढाची भीती वाटते. सायकलस्वाराला पावसात खरा त्रास होतो तो उताराचा. चढताना अंग तापते, रेनकोटच्या आतून घामाने कपडे भिजतात, आणि उतार लागताच त्याच ओल्या कपड्यांवर वारा बसू लागतो. सुती बनियन अशा वेळी अंगातली ऊब शोषून घेते. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, हे डोंगरात घोंगडी पांघरून गुरे राखणाऱ्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही. पारा वीस अंशांच्या आसपास असतानाही तासाभरात बोटे बधिर होतात आणि ब्रेकची मूठ आवळता येईनाशी होते. त्यात सायकलला रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर रबर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पकडतच नाही, आणि रस्त्यावरची लाल माती व वाळू ते रबर झपाट्याने खाऊन टाकते. एकट्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. थंडीने विचार मंदावले आहेत हे त्याचे त्याला उमजत नाही, आणि “आता थांब” असे सांगणारे शेजारी कोणी नसते.

मला तसे सांगणारे कोणी भेटले, हे माझे नशीब. मागे एकदा याच रस्त्यावर, सायंकाळी, एसटी थांब्याच्या पिकअप शेडमध्ये चाकावरचा चिखल पुसत उभा असताना समोरच्या चहाच्या टपरीवरचे एक आजोबा छत्री घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, पुढं नका जाऊ आता. सकाळधरनं वहाळाचं पाणी निवळ हुतं, आता एकदम लाल आलंय.” मी वळून पाहिले तर रस्त्याखालच्या मोरीतून खरोखरच विटकरी रंगाचे, बारीक खडे लोटत आणणारे पाणी येत होते. पाऊस वाढला की पाणी गढूळ होतेच. पण स्वच्छ वाहणारे पाणी अचानक गढुळले, त्यातून खडे येऊ लागले, तर वर कुठेतरी उतार सुटू लागल्याची ती खूण असू शकते. मी ती रात्र त्याच गावात, परवानगी घेऊन, शाळेच्या पडवीत काढली. वर दरड आली की नाही, हे मी नंतर शोधायला गेलो नाही. त्या संध्याकाळी तिथे थांबणेच रास्त होते.

त्या आजोबांकडे जी माहिती होती ती योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी होती. शासनाकडून अपेक्षा याहून फार मोठी नाही. घाटात नाके उभारून सायकली अडवण्यापेक्षा पुण्याकडून येणाऱ्यांसाठी मुळशीत आणि कोकणातून येणाऱ्यांसाठी निजामपुरात, म्हणजे जिथे अजून मुक्कामाची सोय आहे तिथे, साधा फलक असावा. त्यावर घाटातील पावसाची त्या दिवशीची ताजी नोंद आणि रस्ता खुला आहे की बंद, एवढे दर काही तासांनी लिहिले तरी पुरे. खडूने लिहिले तरी चालेल. पावसाळ्याचे चार महिने घाटाच्या दोन्ही बाजूंच्या एकेका गावात शाळेची पडवी किंवा समाजमंदिर रात्रीपुरते उघडून देण्याची मुभा ग्रामपंचायतीला असावी आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्याच फलकावर लिहिलेले असावे. त्यासाठी माफक शुल्क आकारायलाही हरकत नाही. तीन बाजूंनी बंद आणि चौथीकडून पाऊस आत घेणाऱ्या पिकअप शेडमध्ये ओल्या अंगाने रात्र काढणे धोक्याचेच असते.

यावर, असल्या हवेत एकट्याने बाहेर पडायची हौस हवीच कशाला, असा प्रश्न येईल, आणि तो गैरही नाही. लाल इशारा असताना निघणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. परंतु घाटरस्ते हौशी लोकांसाठीच नाहीत. दुधाच्या किटल्या लावून जाणारा, शेवटची एसटी चुकलेला, दुचाकीवरून कंपनीतल्या रात्रपाळीला निघालेला, असे सगळेच त्याच पावसात तोच निर्णय घेत असतात, आणि फलकाचा उपयोग त्यांनाही तितकाच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल पडला तेव्हा एसटीतील प्रवासी काही साहस करायला निघालेले नव्हते.

एक विनंती आपल्याकडेही आहे. आपल्या हवामानाच्या चौकटीत पुण्याचे कमाल-किमान तापमान आणि शहरातला पाऊस रोज असतो. जून ते सप्टेंबर या काळात त्याच चौकटीत ताम्हिणी, वरंधा आणि माळशेज यांच्या पावसाचे आकडे एका ओळीत द्यावेत आणि आपल्या संकेतस्थळावर ते दुपारी पुन्हा अद्ययावत करावेत.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
कोथरूड, पुणे