पंप जरा बाजूला ठेव

प्रिय संजू,

तुझा मेसेज वाचला, गव्हावर मावा, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, दिसला आणि तू लगेच फवारायला निघालास! जरा दम धर रे. आधी पानं उलटी करून बघ आणि नुसता मावा नको मोजूस, त्याला खाणारं कोण कोण आलंय तेही मोज.

मावा भराभर वाढतो हे खरंय. मादीला नर लागतच नाही, थेट जिवंत पिल्लं घालते आणि जन्मतानाच त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी धरलेली असते, उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पिल्लू आई होतं. त्यामुळे मावा आधी पसरतो आणि मित्रकीटक मागून येतात, खायलाच नसेल तर ते येतील कशाला? मधल्या काळात माणसाचा धीर सुटतो, तिथंच सगळी गडबड होते.

लाल ढालकिडा तू ओळखतोस, पण त्याची अळी? काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. लोक तिलाच कीड समजून मारतात, आणि ती एकटी वाढेपर्यंत शेकडो मावे खाते! सिरफिड माशीची अळी तर पिटुकली, बिनपायाची, आंधळी, मान इकडून तिकडे फिरवत मावा सापडला की उचलून शोषते. बारीक दोऱ्यावर टांगलेलं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे मावा खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाचं, त्याला हात लावू नकोस.

माझी सगळ्यात आवडती मात्र ती इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी. पोट पायांमधून पुढे वाकवते आणि माव्याच्या अंगात एक अंडं टोचते, बास. आतली अळी त्याला पोखरून खाते आणि मावा फुगून भुरकट सोनेरी होतो, पानाला घट्ट चिकटून बसतो. भिंगातून बघ, काहींच्या पाठीवर गोल भोक दिसेल, नवी माशी तिथूनच बाहेर पडलेली असते. असे थोडे जरी दिसले ना, तरी शेजारच्या धडधाकट वाटणाऱ्या कित्येकांच्या पोटात अळी असते, मग थांबलेलं बरं.

सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखं, चांगले-वाईट सगळेच किडे मारणारं औषध सरसकट मारलंस तर हे सगळे मित्रकीटक आधी मरतात आणि उरलेल्या माव्याला रान मोकळं. शिवाय युरिया जास्त पडला असेल तर कोवळ्या पानांवर तो आणखी माजतो. मुंग्या दिसल्या तर तेही लक्षात ठेव, मावा सोडतो त्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात.

पण पीक अगदी लहान असेल आणि मावा व्हायरस घेऊन आला असेल तर मित्रकीटकांच्या भरवशावर राहू नकोस, तिथे थोडा मावाही नुकसान करून जातो. पीक मोठं असेल तर खुणा केलेली तीच झाडं तीन-चार दिवसांनी परत बघ. मावा वाढतच असेल आणि खाणारं कुणीच नसेल तर फवार, तेही जिथे जास्त आहे तेवढ्याच पट्ट्यात, आणि लेबलवर गहू लिहिलाय का ते बघून. फोटो पाठवशील तर पानाच्या खालच्या बाजूचे पाठव, वरून काही कळत नाही.

तुझा,
बाळ्या