बार काढण्याआधी कान झाका

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईने फोनवर सांगितलं की उमरेडकडच्या वावरात रानडुकरांनी धुऱ्याकडची तूर पार लोळवली, वनखात्याची लेखी परवानगी आली आणि बाबा आता दुनळी बंदूक घेऊन जागलीला बसणार. परवाना आणि परवानगी दोन्ही सोबत ठेवालच, त्याबद्दल मी काय सांगणार! मी लिहितेय ते कानांबद्दल. फोनवर विषय काढला की बाबा ‘दोन-चार बारांनी काय होतं’ म्हणून तो मिटवतात, म्हणून लिहूनच पाठवते.

दोन-चार बारांनी होतं, बाबा. कधीकधी एकानेही होतं. १२ बोअरच्या बंदुकीच्या बाराचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानापाशी साधारण १५० ते १६५ डेसिबल भरतो. अशा धडाक्याच्या आवाजाला कारखान्यांच्या नियमांत १४० ही शेवटची मर्यादा आहे. अंबाझरीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी झालेल्या माणसाला हा आकडा नवा नसावा. १४० वरून १६० म्हणजे थोडं जास्त असं नाही; ऊर्जा शंभरपट होते. दिवाळीच्या फटाक्याला सरकारने चार मीटरवर १४५ ची मर्यादा घातली आहे. बंदुकीच्या नळीचं तोंड तर कानापासून जेमतेम दोन हातांवर असतं.

यंत्राचा खडखडाट कान हळूहळू झिजवतो. बाराचं काम वेगळं आहे. त्याचा दाब आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एका झटक्यात मोडतो, आणि मोडलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मोठा आवाज आला की आखडणारा एक बारीक स्नायू कानात असतो, पण त्याला आखडायला सेकंदाचे काही शतांश तरी लागतात. तोवर बाराचा धक्का आत जाऊन पोचलेला असतो. डुक्कर समोर असताना बार फारसा मोठा वाटत नाही, हे सगळेच शिकारी सांगतात. तेव्हा लक्ष जनावरावर असतं, कानाला मात्र पूर्ण मार बसतो.

पहिला मार ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसतो आणि तपासणीच्या आलेखावर ४,००० पाशी खड्डा दिसतो. स, श, त, थ, फ, क ही व्यंजनं याच उंच सुरांवर तोलून असतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही, आणि मग बायको पुटपुटते असं वाटायला लागतं. आई, हे वाक्य तुझ्यासाठी आहे. उजव्या खांद्यावर दस्ता लावणाऱ्याचा डावा कान सहसा जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. बाबा हल्ली फोन उजव्या कानाला लावतात का, एवढं बघून ठेव.

आता बाबांचा खरा आक्षेप. कान बंद केले तर डुकराची चाहूल कशी लागणार, आणि गड्याने हाक मारली तर? आक्षेप रास्त आहे. साधे इअरमफ, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, घालून जागल करा असं मी सांगणार नाही. ते तुम्ही अर्ध्या तासात गळ्यात उतरवाल आणि बार काढायच्या वेळी ते गळ्यातच राहतील. तुम्हाला हवेत इलेक्ट्रॉनिक इअरमफ. त्यांच्या दोन्ही वाट्यांवर बाहेरून माइक असतो. बारीक आवाज ते आत वाढवून देतात आणि आवाज साधारण ८२-८५ डेसिबलच्या वर गेला की वाढवणं थांबवतात. पाचोळ्यातली खुसपूस उघड्या कानापेक्षा जास्त ऐकू येते. बाराचा आवाज अडवते ती मात्र वाटी आणि तिची गादी, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. त्यामुळे सेल संपला तरी संरक्षण जात नाही, फक्त ऐकू कमी येतं. घेताना दोन्ही बाजूंना वेगळा माइक आहे ना, ते बघा. एकाच माइकवर चालणाऱ्या स्वस्त मालात आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळत नाही. चांगल्या मफमध्येही पुढचा-मागचा फरक चुकतो. तसंही नुसत्या आवाजावर बार काढायचा नसतो. टॉर्चमध्ये जनावर नीट दिसलं पाहिजे. वारा सुटला की माइकमध्ये घोंघावतं, तेव्हा आवाज कमी करा, मफ काढू नका.

खोट राहते ती मफ बसवण्यात. वाटी जाड असली की उजव्या बाजूची वाटी दस्त्यावर आपटते. मग एकतर ती नेमक्या बाराच्या क्षणी वर सरकून फट पडते, नाहीतर गाल दस्त्यावरून उचलला जातो. छऱ्याच्या बंदुकीला नेम धरायची मागची माशी नसते, तिचं काम डोळाच करतो. डोकं वर गेलं की छरेही वर जातात. मग दोष मफला लागतो आणि तो कायमचा खुंटीवर जातो. म्हणून पातळ वाटीचे, खालची कड आत कापलेले मफ पाठवते आहे. आल्यावर बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बघा, आणि मफ घालून ती घरातच खांद्याला लावत राहा, गाल आपोआप जागेवर बसेपर्यंत. चष्म्याची जाड काडी गादीखाली गेली की तिथून काही डेसिबल आत शिरतात, तेव्हा पातळ तारेच्या काडीचा चष्मा घालून जा. कानटोपी मफच्या आत नको, वरून घाला. फक्त माइक झाकू देऊ नका. घामाने गादी कडक झाली, तडकली की बदलायची. ती वेगळी विकत मिळते.

मफच्या खाली कानात फोमचे बोळेही घाला. आवाज किती डेसिबल कमी होतो याचा आकडा बोळ्याच्या पाकिटावर ३३ आणि मफवर २३ लिहिलेला असला तरी बेरीज ५६ होत नाही. मोठ्या आकड्यावर जेमतेम ५ ची भर पडते, कारण पुढे आवाज कवटीच्या हाडांतूनच आत जातो. शिवाय पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आपल्या हाताने बसवलेला बोळा सहसा त्याच्या बराच खाली राहतो. तरी १६० ला ही भर लागते. बोळे घालून मफचा आवाज वाढवला की आजूबाजूचंही पुरेसं ऐकू येतं.

बोळा घालायची रीत बहुतेकांची चुकते. हात धुऊन बोळा बोटांत वळायचा, सुरकुती न पडता अगदी बारीक नळी होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. त्याने आतली वाकडी वाट सरळ होते. बोळा आत सारून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, किमान ३० सेकंद. पौषातल्या थंडीत फोम कडक होतो आणि सावकाश फुगतो, तेव्हा आधी मुठीत गरम करा. नीट बसला की स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. आणखी एक खूण: दोन्ही तळवे कानांवर दाबून बघा. त्याने बाहेरचा आवाज बराच कमी झाला, तर बोळा बसलेलाच नाही. अर्धा बाहेर लोंबणारा बोळा कापसाइतकाच उपयोगाचा, आणि कापूस म्हणजे बाराच्या बाबतीत काहीच नाही. उपरणं गुंडाळणं हेही त्यातलंच.

हे सगळं सुरू करण्याआधी कानातला मळ तपासून घ्या. तुमच्या वयात तो कोरडा आणि घट्ट होतो, बोळ्याने आणखी आत ढकलला जातो. घरी काडी घालू नका.

सोबतच्या गड्यालाही मफ हवेच. दोन जोड पाठवते ते त्यासाठी. बाजूला आणि जरा पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर नेम धरणाऱ्यापेक्षा जास्त आवाज येऊ शकतो. त्याला तुमच्या मागे बसवा. टिनाच्या शेडमधून किंवा गाडीच्या खिडकीतून बार काढू नका. पत्र्यावरून आवाज उलटून येतो आणि एका बाराचा मार जास्त वेळ चालतो. नातू सुट्टीत आले तर त्यांना जागलीला नेऊ नका, मफ असले तरी. मुलांसाठी मर्यादा १२० धरतात.

चुकून उघड्या कानांनी बार झाला आणि कान वाजायला लागले, दडे बसले, तर दोन दिवस शांततेत राहा. लग्नाचा डीजे नको, ट्रॅक्टर नको. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा उतरला नाही तर ‘जाईल आपोआप’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो, महिन्याने गेल्यावर फक्त आलेख काढून मिळतो.

पहिल्या जागलीच्या आधी मात्र तुम्ही आणि गडी, दोघांनीही श्रवणाची तपासणी करून घ्या, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात. ८,००० हर्ट्‌झपर्यंत करा म्हणून सांगा आणि डावा-उजवा वेगळा आलेख मागून घ्या. आदल्या रात्रीपासून मोठ्या आवाजात जायचं नाही, नाहीतर आकडे खोटे येतात. कागदाचा फोटो मला पाठवा. डाव्या कानाला ४,००० वर आधीच खड्डा असेल, तर बंदूक गड्याला देऊन चालणार नाही, परवाना तुमच्या नावाचा आहे. मग कुंपणाला सौरऊर्जेची झटका मशीन लावण्याचा हिशोब काढू, मी त्याची माहिती घेतेच आहे.

पार्सलमध्ये मफचे दोन जोड, बोळ्यांचे लहान आणि मध्यम दोन्ही आकार आणि सेल आहेत. आई, जागल नसेल तेव्हा मफमधले सेल काढून ठेवशील. ते आत गळले की पट्ट्या गंजतात.

तुमची,
मीनल