पित्त: पोटातलं आणि अंगावरचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटातला जंतू मारला की अंगावरचं पित्त पळतं, अशा सुराचा लेख गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत आला. तो वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघी रक्त तपासायला निघाल्या, म्हणून हे पत्र.

मला सव्वा वर्ष रोज पित्त उठे. तुळशीबागेत बांगड्या भरताना माझ्या हातावरच्या गांधी पाहून कासाराने हात आखडता घेतला, इतकं. आमसुलाचं पाणी चोळून चोळून साड्यांना डाग पडले. पोटातही जळजळ होतीच, त्यामुळे दोन्ही पित्तं एकच, ही माझी पक्की समजूत. मराठीत शब्दच एक, त्याला मी काय करणार!

एका लॅबच्या पॅकेजमध्ये रक्त दिलं, हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे लेखातला तोच जंतू, पॉझिटिव्ह आला आणि लगेच अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की जंतूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या अँटिबॉडीज जंतू गेल्यावरही बराच काळ दिसतात. तो आत्ता पोटात आहे का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत कळतं. पण त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक्स बंद हवीत. पँटोप्राझोल तर मी चहाआधी रोज घेत होते. ती थांबवून तपासलं, तर जंतू औषधाला पुरून उरलेला! मग बिस्मथ या औषधासह १४ दिवसांचा दुसरा कोर्स, आणि महिन्याभराने पुन्हा तपासणी. जंतू गेला, जळजळ गेली. गांधी राहिल्या.

ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं. त्वचेबाबत इतका ठाम पुरावा नाही. प्लेटलेट घटून अंगावर जांभळे ठिपके येतात, त्या आजारात जंतू मारल्यावर काहींच्या प्लेटलेट वाढतात, हे खरं. जुनाट पित्तातही काहींना गुण येतो, काहींना नाही. आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असताना तो माझ्या पोटात सापडला, यात नवल ते काय?

पुढच्या पुरवणीत निदान कोणती तपासणी आणि कोणत्या गोळ्या थांबवून, एवढं तरी छापा. मी आता रोज ॲलर्जीची एक गोळी घेते. आमसुलं आमटीत जातात.

– एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, कर्वेनगर, पुणे