पावतीला उशीर होतो तो टेक्स्टबॉक्समुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका ठेवीदार काकांनी लिहिलं होतं की पतसंस्थेतली मुलं एक पावती करायला ताटकळत ठेवतात, यांना कॉम्प्युटर शिकवून पाठवत नाहीत का वगैरे. काकांचा वैताग कळतो, रांगेत उभं राहायला कोणाला आवडतं. पण मी असल्याच सॉफ्टवेअरची दुरुस्ती करून पोट भरतो म्हणून सांगतो, बरेचदा दोष त्या मुलांचा नसतोच, नाव, रक्कम, तारीख भरायचे ते चौकोन असतात ना स्क्रीनवर, त्यांचा असतो.

हे चौकोन म्हणजे टाइप करायचा टेक्स्टबॉक्स, यादीतून निवडायचा कॉम्बोबॉक्स, तारखेचा डेटटाइमपिकर, सगळे प्रोग्रामरला आयते मिळतात. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट (प्रोग्राम लिहायची चौकट) आलं तेव्हापासून त्यातल्या विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या स्क्रीन, म्हणजे फॉर्म, बनवायची सोय) माउसने ओढून फॉर्मवर टाकायचे की झालं, त्याआधी डेल्फी आणि व्हीबी सिक्स ही जुनी साधनं वापरणारे हेच करायचे. आता हे आयते चौकोन, आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो, काही सांगली-कोल्हापूरची पतसंस्था डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नाहीत, रक्कम म्हणजे काय हे टेक्स्टबॉक्सला माहीतच नसतं, त्याला सगळी अक्षरं सारखीच. मग प्रोग्रामर काय करतो, फॉर्मवरच्या एकेका चौकोनामागे तोच तोच कोड चिकटवत सुटतो, इथे आकडाच पाहिजे, इथे रिकामं चालणार नाही, आणि शंभर फॉर्म झाले की कुठेतरी राहून जातंच. एका स्क्रीनवर एंटर मारला की कर्सर पुढच्या चौकोनात जातो आणि दुसऱ्या स्क्रीनवर तोच एंटर मारला की अर्धवट भरलेली पावती सेव्ह, कारण तिथे सेव्हचं बटण एंटरला जोडून ठेवलेलं. विंडोजच्या आधीच्या डॉसवर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये एंटर मारत पुढे जायची सवय असलेली माणसं अजून आहेत काउंटरवर, त्यांचा उजवा हात नंबरपॅडवरून हलत नाही आणि एंटर तिथेच करंगळीजवळ, विंडोजमध्ये पुढच्या चौकोनात नेणारा टॅब मात्र पार डाव्या टोकाला. सांगा बरं वेळ कोण खातंय.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. मूळ टेक्स्टबॉक्सवरून आपला एक क्लास डिराइव्ह करायचा, म्हणजे मूळचे सगळे गुण वारशाने घेणारा आपला नवा प्रकार बनवायचा, त्याला रक्कमबॉक्स म्हणा, त्यात एकदाच लिहायचं की एंटर आला की पुढे जा, आकडा आणि टिंब सोडून काही घेऊ नको, आणि चौकोन सोडला की लाख-कोटीच्या हिशोबाने स्वल्पविराम टाक (डॉट नेटला तीन आणि मग दोन-दोनचे गट करायला सांगता येतं, एका ओळीचं काम). आणि सगळे फॉर्म नव्याने बनवायचे नाहीत हं, लोक इथेच घाबरतात. प्रत्येक फॉर्मची एक डिझायनर फाइल असते (फॉर्मची मांडणी लिहिलेली), त्यात एकेका टेक्स्टबॉक्सच्या क्लासचं नाव दोन ठिकाणी असतं, एकदा तो जाहीर (डिक्लेअर) करताना आणि एकदा तयार (न्यू) करताना, जे रकमेचे असतील तेवढे बदलायचे. आपला क्लास मूळचाच वारस असल्यामुळे बाकी सगळा जुना कोड जसाच्या तसा कंपाइल होतो.

आता रकमेचंच बघा, किती गंमत आहे. प्रोग्रामर लिहितो की टाइप केलेलं अक्षर आकडा असेल तरच घे, त्यासाठी डॉट नेटमध्ये इजडिजिट नावाचं तयार फंक्शन आहे. हे इजडिजिट देवनागरी ५ लाही आकडा म्हणतं, बरोबरच आहे, पण त्याच मजकुराची रक्कम करायला गेलं की डेसिमल पार्स (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ५ ओळखत नाही आणि तोंडावर एरर फेकतं. खातेदाराचं नाव मराठीत टाइप केलं, कीबोर्ड इंग्रजी करायचा राहिला, वरच्या ओळीतून आकडे मारले की संपलं, ती मुलगी बघत बसते की दिसतंय तर बरोबर, मग घेत का नाही. दुसरं म्हणजे, स्वल्पविराम चालू दिला असेल तिथे टिंबाऐवजी चुकून तो पडला, १२५०,५० असं झालं, तर पार्स कुरकुर न करता त्याचे १,२५,०५० करतं, कारण स्वल्पविराम कुठे पडलाय हे ते तपासतच नाही. साडेबाराशेचे सव्वा लाख! तिसरं, व्हॉट्सॲपवरून आलेलं '२५,०००/-' कोणीतरी राइट क्लिक करून पेस्ट करतं, आणि पेस्ट काही कळ दाबल्याच्या इव्हेंटमधून (सूचनेतून) येत नाही, विंडोजचा वेगळाच मेसेज येतो, म्हणजे सगळी राखण पुढच्या दाराला आणि मागचं दार उघडं. आपल्या क्लासमध्ये हे तिन्ही बंदोबस्त एकाच जागी होतात, उलट देवनागरी ५ आला तर हाकलायची गरज नाही, तिथल्या तिथे इंग्रजी ५ करून आत घ्यायचा, टाइप करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तारखेचं तर बोलायलाच नको. डेटटाइमपिकरला रिकामं राहता येत नाही, सुरुवातीला त्यात आजची तारीख असते. जन्मतारीख माहीत नाही म्हणून पुढे गेलं की सभासदाचा जन्म आज झाला अशी नोंद. सभासद यादीत ज्येष्ठ नागरिक शोधायला जा, अर्धे तान्हे निघतात. तिथेही तेच, डिराइव्ह करा, 'तारीख नाही' ही अवस्था त्याला शिकवा, विषय संपला.

आता दुसरी जमात, आणि माझा खरा राग यांच्यावर आहे. यांना स्टँडर्ड टेक्स्टबॉक्स जुनाट वाटतो, गोल कोपरे पाहिजेत, सावली पाहिजे, म्हणून हे कोऱ्या कंट्रोलपासून सगळं स्वतः रंगवतात, कर्सरसकट. अहो, सदरा सैल झाला तर टिपा घालून आणायच्या की माग लावून कापड विणायला बसायचं? लक्ष्मी टाइप केलं की कर्सर क्ष्म च्या मधोमध जाऊन बसतो, एक बॅकस्पेस मारला की भलतंच काही उडतं, कारण जोडाक्षर सांभाळायचं जे काम विंडोजचा मूळ एडिट कंट्रोल मुकाट्याने करत होता ते यांनी लिहिलेलंच नसतं. आणि दृष्टिहीन कर्मचारी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. ही माणसं एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून वाचणारा प्रोग्राम) लावून काम करतात, तो मोफत आहे. डिराइव्ह केलेला टेक्स्टबॉक्स आपण कोण, आपल्यात काय लिहिलंय हे त्याला वारशाने सांगतो, रंगवलेला चौकोन गप्प बसतो.

डिराइव्ह करतानाही डोकं लागतं, नाही असं नाही. मूळचं एखादं काम आपल्या पद्धतीने लिहिलं (ओव्हरराइड) आणि त्यात मूळ क्लासला (बेसला) हाक मारायला विसरलं तर फॉर्मवरचे जुने इव्हेंट चालतच नाहीत. कन्स्ट्रक्टरमध्ये (चौकोन तयार होताना चालणारा कोड) डेटाबेस उघडला तर व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहायच्या साधनात तो फॉर्मच उघडेना, कारण त्यातला डिझायनर तुमचा कन्स्ट्रक्टर खरोखर चालवतो. फाँट क्लासमध्ये ठरवला आणि फॉर्मच्या फाइलमध्ये आधीचा लिहिलेला असेल तर फॉर्मचाच चालणार. डब्ल्यूपीएफवाले (विनफॉर्म्सनंतर आलेली मायक्रोसॉफ्टचीच दुसरी पद्धत वापरणारे) म्हणतील आम्हाला याची गरज नाही, आमचं स्टाइल आणि टेम्प्लेटने भागतं, दिसण्यापुरतं खरं आहे त्यांचं, पण आपल्या पतसंस्था, सोसायट्या, दवाखान्यांची बिलिंगं अजून विनफॉर्म्सवरच दिसतात मला तरी आणि लवकर हलतील असं वाटत नाही.

संचालक मंडळींना एक विनंती. सॉफ्टवेअर घेताना डेमोला रिपोर्टचे रंगीत आलेख बघत बसू नका. रकमेच्या चौकोनात मराठी आकडा टाकून बघा, राइट क्लिक करून '५०००/-' पेस्ट करून बघा, जन्मतारीख न भरता पुढे जाऊन बघा, एनव्हीडीए लावून कान देऊन ऐका, आणि अख्खी एक पावती माउसला हात न लावता करायला सांगा, विकायला आलेल्याला नाही, तुमच्या काउंटरवरच्या मुलीला.

आपला,
एक प्रोग्रामर वाचक, सांगली